नुसतं ‘उत्तर : (ड)’ छापणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बारावी रसायनशास्त्राचे प्रश्नसंच, गाइड आणि ‘अपेक्षित’ छापणारे प्रकाशक,
तसेच त्याच संचांच्या झेरॉक्स नोट्स करून वाटणारे क्लासचालक यांस,

स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की दुकानांत नव्या आवृत्त्या लागतात. मुखपृष्ठ नवं, साल नवं, किंमतही नवी. आतली चुकीची उत्तरं मात्र जुनीच, कित्येकदा त्याच पानावर. यंदाही तेच झालं. आमच्या हाती आलेल्या एकाही संचात शुद्धिपत्राचं पान सापडलं नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. यात कोणाचं नाव घेतलेलं नाही, कारण चुका बऱ्याच संचांत अगदी सारख्या आहेत. त्या इतक्या सारख्या कशा झाल्या, हे तुम्ही जाणताच.

आम्ही कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषय शिकवतो. तुमचे संच आमच्या वर्गात बाकाबाकावर असतात. छापलेलं उत्तर आणि फळ्यावरचं उत्तर जुळलं नाही, तर मुलं छापलेल्यावर विश्वास ठेवतात. सरावाची प्रश्नोत्तरं नकोत, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. रसायनशास्त्र वाचून येत नाही, सोडवूनच येतं. आमचं भांडण आहे ते उत्तर म्हणून तुम्ही जे छापता त्याच्याशी.

सगळ्यात मोठी तक्रार न्यूमेरिकल्सची. एक नेहमीचं गणित घ्या. ३०० केल्विन तापमानाला २ मोल आदर्श वायू १० लिटरपासून २० लिटरपर्यंत आयसोथर्मल (तापमान न बदलता), रिव्हर्सिबल (अतिशय सावकाश, उलट फिरवता येईल अशा) पद्धतीने प्रसरण पावतो, कार्य काढा. मागच्या पानावर उत्तर असतं : ३.४५८ किलोज्यूल. आकडा बरोबर आहे, उत्तर चूक. वायू प्रसरण पावला, म्हणजे ऊर्जा त्याच्याकडून बाहेर गेली, म्हणून उत्तर उणे ३.४५८ किलोज्यूल. हे गणित सोडवणारा मुलगा त्याच आठवड्यात भौतिकशास्त्रात औष्मिकी शिकत असतो. तिथे वायूने केलेलं कार्य धन धरतात, रसायनशास्त्रात वायूवर झालेलं कार्य धन धरतात. दोन विषयांच्या दोन रीती आहेत, एवढं एक वाक्य त्या गणिताखाली हवं होतं. ते नाही आणि चिन्हही नाही, तेव्हा मुलाने चिन्ह कुठल्या विषयाकडून घ्यायचं?

बरं, तो ३.४५८ आला कसा? बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. मग उत्तरही लॉग टेबलने सोडवून दाखवायला नको का? सूत्रात आकडे घातले की २.३०३ × २ × ८.३१४ × ३०० × ०.३०१० असा गुणाकार येतो. त्यांचे लॉग अनुक्रमे ०.३६२३, ०.३०१०, ०.९१९८, २.४७७१ आणि बार १.४७८६ (म्हणजे उणे १ अधिक ०.४७८६). बेरीज ३.५३८८. अँटिलॉग ३४५८. म्हणजे उणे ३४५८ ज्यूल. पाच ओळींचं काम. त्याऐवजी कुठे ‘३४५७.९७’ असं कॅल्क्युलेटरवरचं उत्तर छापलेलं असतं. टेबलातून ३४५८ काढणारी मुलगी स्वतःचं बरोबर उत्तर खोडते आणि नसलेली चूक शोधत बसते.

पाच आकड्यांतला शेवटचा, बार १, हाच खरा अडसर आहे हेही तुम्हाला माहीत असायला हवं. ऋण लॉगचा अँटिलॉग घेणं ही बारावीतली सर्वांत जास्त गुण खाणारी पायरी, आणि संचात नेमकी तीच गाळलेली असते. पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ४.७ असेल तर हायड्रोजन आयनांची संहती किती? उणे ४.७ चा अँटिलॉग घ्यायचा. टेबलात अपूर्णांक धनच लागतो, म्हणून उणे ४.७ म्हणजे उणे ५ अधिक ०.३, अर्थात बार ५.३. ०.३ चा अँटिलॉग १.९९५, उत्तर १.९९५ गुणिले १० चा उणे ५ वा घात, मोल प्रति लिटर. मुलं काय करतात? थेट ०.७ चा अँटिलॉग बघतात, ५.०१२ मिळतो, आणि पुढे १० चा उणे ४ वा घात लावून मोकळी होतात. उत्तर पंचवीस पटींनी चुकतं. ‘अँटिलॉग घेऊन’ या दोन शब्दांत तुम्ही ही पायरी उरकता.

एककांचीही तीच गत. स्थिर बाह्य दाब २ बार (हे ‘बार’ दाबाचं एकक), आकारमान १० वरून १५ घन डेसिमीटर. कार्य उणे १० डेसिमीटर-घन बार, म्हणजे उणे १००० ज्यूल. हेच २ ॲटमॉस्फिअर असतं तर गुणक १०१.३ आणि उत्तर उणे १०१३ ज्यूल. प्रश्नात बार लिहायचं आणि उत्तरात १०१.३ वापरायचं, हा प्रकार आम्ही एकाहून अधिक संचांत पाहिला. प्रमाण तापमान-दाबाचंही तसंच. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार केला, त्यामुळे मोलर आकारमान २२.४ ऐवजी २२.७ लिटर होतं. तुमच्या संचात एका पानावर एक, चार पानांनी दुसरं. कोणताही आकडा वापरा, पण दाब लिहा.

एककोषाच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाच्या, घनतेतही तेच. चांदीच्या एककोषाची कड ४०८.६ पिकोमीटर, रचना एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यभागी अणू), घनता काढा. १ पिकोमीटर म्हणजे १० चा उणे १० वा घात सेंटिमीटर, म्हणून कड ४.०८६ गुणिले १० चा उणे ८ वा घात. घन करताना ४.०८६ चाही घन आणि १० च्या घातांकाचीही तिप्पट, उणे २४. मुलं ४.०८६ चा घन करतात आणि उणे ८ तसाच ठेवतात. उत्तर १०.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर यायला हवं. भलतंच आलं, तर थांबून विचार करायची सवय लावणं हे सरावाचंच काम आहे. उत्तराशेजारी ‘चांदी पाण्याच्या साधारण दहापट जड, म्हणून उत्तर पटण्याजोगं’ एवढं लिहायला कितीसा कागद लागतो?

आऱ्हेनिअसच्या, म्हणजे तापमानानुसार अभिक्रियेचा वेग किती बदलतो त्याच्या, गणितात तर उत्तर पटतंय का हे बघणं फारच उपयोगी. २९८ वरून ३०८ केल्विनला गेल्यावर वेग दुप्पट होतो, सक्रियण ऊर्जा काढा. २.३०३ × ८.३१४ × ०.३०१० × (२९८ × ३०८ ÷ १०) केलं की सुमारे ५२.९ किलोज्यूल प्रति मोल. २.३०३ विसरलं की जवळपास २३ किलोज्यूल येतात. सेल्सिअसमध्येच २५ आणि ३५ घातले तर सुमारे ५०४ ज्यूल, म्हणजे अर्धा किलोज्यूल! या दोन्ही चुका आम्ही उत्तरपत्रिकांत इतक्यांदा पाहतो की त्यांचे आकडे तोंडपाठ झालेत. उत्तराखाली ‘२३ आलं? २.३०३ राहिलं. ०.५ आलं? केल्विन केलं नाही’ अशी एक ओळ असती, तर घरी एकटी अभ्यास करणारी मुलगी स्वतःची चूक स्वतः पकडू शकली असती. गावात क्लास नसलेल्या मुलांना ही ओळच शिक्षक असते.

आता बहुपर्यायी प्रश्न. या पत्राच्या मथळ्यातला ‘(ड)’ इथूनच घेतलाय. प्रश्न असा : ०.१ मोलल द्रावणांपैकी कोणाचा गोठणबिंदू सर्वांत कमी? ग्लुकोज, सोडिअम क्लोराइड, कॅल्शिअम क्लोराइड, ॲल्युमिनिअम सल्फेट. उत्तर : (ड). बस्स. ग्लुकोज निवडणारा मुलगा मंद नसतो. गोठणबिंदूतली घट सर्वांत कमी कोणाची, हे त्याने बरोबर शोधलेलं असतं. प्रश्न गोठणबिंदूचा होता. द्रावणात कण जितके जास्त तितकी ही घट जास्त. कणांची संख्या १, २, ३ आणि ५ धरली तर पाण्यासाठी घट ०.१८६, ०.३७२, ०.५५८ आणि ०.९३ केल्विन. म्हणजे शेवटचं द्रावण उणे ०.९३ सेल्सिअसला गोठेल, ग्लुकोजचं उणे ०.१८६ ला. हे चार आकडे छापले की चुकीचा पर्याय का मोहात पाडतो ते दिसतं. शिवाय ‘पूर्ण विघटन होतं असं माना’ हे शब्द प्रश्नातच हवेत. ते नसले तर कण पाच का मोजायचे, याचं उत्तर प्रश्नात उरत नाही.

पीएचमध्ये एक जुना सापळा आहे. १० चा उणे ८ वा घात मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? कित्येक संचांत ८. आम्ल पाण्यात घालून पाणी अल्कधर्मी! पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन इथे आम्लापेक्षा जास्त आहेत, ते धरले की पीएच ६.९८ येतो. हे उत्तर चुकीचं छापणं क्षम्य नाही, कारण हा प्रश्न मुळात हीच समज तपासायला जन्माला आलाय.

कार्बनी रसायनाची तक्रार एका शब्दात सांगता येते : बाण. तुमच्या संचांतले बाण उघडे असतात. टोल्युइन आणि क्लोरीन, पुढे बाण. प्रकाशात केलं तर बेंझिल क्लोराइड. अंधारात, फेरिक क्लोराइडसोबत केलं तर ऑर्थो आणि पॅरा क्लोरोटोल्युइन. इथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल : ४१३ केल्विनला डायइथिल ईथर, ४४३ केल्विनला इथीन. अल्किल हॅलाइड आणि पोटॅश : जलीय असेल तर अल्कोहोल, अल्कोहोलिक असेल तर अल्कीन. फेनॉल आणि ब्रोमीन : पाण्यात ट्रायब्रोमोफेनॉल, कार्बन डायसल्फाइडमध्ये मोनोब्रोमो. अल्कीनला हायड्रोजन ब्रोमाइड जोडताना पेरॉक्साइड असलं की जोड उलटी होते, पण हायड्रोजन क्लोराइड आणि आयोडाइडला होत नाही. बाणावरची ती बारीक अक्षरं हाच तर प्रश्न असतो! ती गाळली की मुलगा अभिक्रिया पाठ करतो, पण पेपरात तापमान बदलून आलं की त्याला पत्ता लागत नाही. पोटॅशिअम सायनाइडने नायट्राइल आणि सिल्व्हर सायनाइडने आयसोसायनाइड का, हे एका वाक्यात सांगता येतं : पोटॅशिअमचं आयनिक, तिथे कार्बन हल्ला करतो, चांदीचं सहसंयुज, तिथे नायट्रोजनची जोडी मोकळी. असं एक कारण लक्षात राहिलं तर दहा अभिक्रिया घोकाव्या लागत नाहीत.

यात भाषेचाही एक गुंता आहे, आणि तो तुम्ही अगदी सहज सोडवू शकता. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेली हजारो मुलं अकरावीत इंग्रजी पुस्तक उघडतात. त्यांना रसायनशास्त्रातले शब्द अडत नाहीत, ते सगळ्यांनाच नवे असतात. अडतात ते साधे : ‘एक्सेस’ (गरजेपेक्षा जास्त), ‘स्पेअरिंगली’ (अगदी थोडं), ‘रिस्पेक्टिव्हली’ (अनुक्रमे). इथिल क्लोराइडवर एक्सेस अमोनिया म्हटलं की मुख्यतः प्राथमिक अमाइन मिळतो. एक्सेस इथिल क्लोराइड म्हटलं तर थेट चतुर्थक अमोनिअम क्षारापर्यंत गाडी जाते. एका शब्दावर अख्खं उत्तर फिरतं. संचाच्या शेवटी अशा पन्नास शब्दांचं मराठी अर्थासहित एक पान द्या. बहुतेक संचांच्या शेवटी दोन-तीन पानं जाहिरातींची असतातच.

मांडणीविषयीही बोलायला हवं. प्रश्न तुम्ही प्रकरणानुसार, त्यातही उपघटकानुसार लावता. ‘प्रथम कोटी अभिक्रिया’ या शीर्षकाखाली पंधरा गणितं (कोटी म्हणजे वेग संहतीच्या कितव्या घातावर ठरतो ते). मुलगा पंधराही सोडवतो, कारण कुठलं सूत्र लावायचं ते वरच्या शीर्षकातच लिहिलेलं असतं. पेपरात मात्र कोटी सांगत नाहीत. वेगस्थिरांकाचं एकक ‘प्रति सेकंद’ आहे म्हणजे प्रथम कोटी, ‘मोल प्रति लिटर प्रति सेकंद’ आहे म्हणजे शून्य, हे त्याला स्वतः ओळखावं लागतं. ती ओळखायची तालीम तुमच्या संचात कुठेच होत नाही. प्रत्येक चार प्रकरणांनंतर सरमिसळ प्रश्नांचा एक भाग हवा, शीर्षकाशिवाय. आणि उत्तर प्रश्नाच्या लगेच खाली छापू नका. डोळा खाली घसरतो, वाचून ‘हां, कळलं’ वाटतं, आणि सोडवायचं राहून जातं. बोर्डाच्या ७० गुणांना तीन तास, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटांच्या आसपास. तीन गुणांच्या गणिताला साडेसात मिनिटं. उत्तर झाकून, घड्याळ लावून सोडवायला जागा आणि सूचना द्या.

‘हमखास’, ‘मोस्ट आयएमपी’, ‘इतकेच करा’ या पट्ट्यांबद्दल दोन शब्द. पेपरात दोन गुणांचे बारा प्रश्न येतात, आठ सोडवायचे. तीन गुणांचे बारा, आठ सोडवायचे. चार गुणांचे पाच, तीन सोडवायचे. दहा बहुपर्यायी आणि आठ एका गुणाचे प्रश्न मिळून छापलेला पेपर ९८ गुणांचा होतो. त्यातून ७० निवडायचे. या सवलतीमुळे कुठलीही यादी थोडीफार खरी ठरते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही ‘आमचे इतके प्रश्न आले’ म्हणून जाहिरात करता. यादी नसती तरी आले असते.

जुन्या अभ्यासक्रमाचे प्रश्न अजून का? बारावीचं पुस्तक २०२० मध्ये बदललं. गट १५ चं (नायट्रोजन, फॉस्फरस यांच्या कुळाचं) प्रकरण गेलं, ‘दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र’ गेलं, आयनिक समतोल बारावीत आला, हरित रसायन आणि नॅनोरसायन नव्याने आलं. तरी मुलं आमच्याकडे फॉस्फरसच्या ऑक्सोआम्लांची शंका घेऊन येतात, कारण नव्या मुखपृष्ठामागे जुनी पानं असतात. आणि सीईटीचे प्रश्न बोर्डाच्या प्रश्नांत मिसळताना निदान खूण करा. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं असतात, म्हणजे एकाला मिनिटभरही नाही, आणि चुकीला दंड नाही. नीटला चुकलं की एक गुण जातो. एकाच प्रश्नाला तिन्हीकडे वेगळी चाल लागते.

यावर आमच्या मागण्या. मोठ्या नाहीत.

प्रत्येक गणिताच्या उत्तरात दिलेली माहिती एककांसह, सूत्र, आकडे घालणं, लॉगच्या पायऱ्या आणि शेवटी चिन्ह व एककासह उत्तर असावं. पायरीगणिक गुण लिहिले तर उत्तम. बहुपर्यायी प्रश्नाला बरोबर पर्यायाचं कारण आणि निदान एका मोहात पाडणाऱ्या पर्यायाचं स्पष्टीकरण द्यावं. एकही बाण अटींशिवाय छापू नये. संचाच्या पहिल्या पानावर वापरलेले स्थिरांक, अणुभार आणि प्रमाण दाब नोंदवावा. फॅरडे स्थिरांक ९६५०० धरला की ९६४८५, हे कळायलाच हवं. मुखपृष्ठावर कोणत्या सालच्या अभ्यासक्रमाचा संच आहे ते लिहावं, आणि ‘हमखास’ची पट्टी काढावी.

शुद्धिपत्र मात्र आजच हवं. पुढच्या आवृत्तीची वाट पाहू नका. विकलेल्या प्रती मुलांच्या दप्तरात आहेत. आवृत्ती आणि पान क्रमांकासह चुकांची यादी फुकट उपलब्ध करा, दुकानदारांनाही एक एक प्रत द्या. चूक कळवायची तर कुठे, तो एक पत्ता संचावर छापा. आमच्याकडे पान क्रमांकांसह यादी तयार आहे. पत्ता छापलात की ती त्यावर येईल. फेब्रुवारीत पेपर आहे, त्याआधी.

आपले,
कनिष्ठ महाविद्यालयांतले काही रसायनशास्त्र शिक्षक